वाचा शाबूत असताना

बऱ्या न होणाऱ्या मेंदूविकारांत माणूस टप्प्याटप्प्याने जातो. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हातापायांची, गिळण्याची, बोलण्याची आणि अखेरीस श्वास घेण्याची ताकद जाते. लक्षणं दिसू लागल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. पार्किन्सन्समध्ये हाच उतार पंधरा-वीस वर्षांवर पसरलेला असू शकतो. डिमेन्शियात हातपाय बराच काळ चालतात, पण स्वतःविषयी निर्णय घेण्याची क्षमता त्याआधीच ओसरलेली असते. आजार वेगळे, वेग वेगळे, तरी एक गोष्ट तिन्हींत सारखी आहे. मृत्यूच्या कितीतरी आधी एक वेळ अशी येते, की तिच्यानंतर रुग्णाला काय हवं आहे हे त्याच्याकडूनच कळण्याची वाट बंद होते. माझं म्हणणं याच वेळेबद्दल आहे. पॅलिएटिव्ह केअर कधी सुरू करायची हे आपण आज मृत्यू किती जवळ आला यावरून ठरवतो. ते रुग्णाची वाचा आणि विचारशक्ती जाण्याची वेळ किती जवळ आली यावरून ठरवायला हवं. त्रास कमी करणारे उपचार, घरच्यांना आधार आणि पुढच्या निर्णयांविषयीचं बोलणं, हे सगळं निदानापासूनच औषधोपचाराच्या बरोबरीने चालायला हवं.

या म्हणण्याला विरोध आहे, आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. मेंदूविकारतज्ज्ञ जे आक्षेप घेतात, ते त्यांच्या कामातून उगवलेले असतात. म्हणून हे आक्षेप एका ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्टच्या तोंडी घालून मी त्यांना उत्तरं द्यायचा प्रयत्न केला आहे. हे डॉक्टर कल्पित आहेत, आक्षेप कल्पित नाहीत.

डॉक्टर : तुमचा मुद्दा कागदावर बरोबर वाटतो. पण निदान ऐकलेल्या माणसाची अवस्था लक्षात घ्या. त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. त्या क्षणी मी पॅलिएटिव्ह केअरचं नाव काढलं, तर त्याला एवढंच ऐकू येतं, की डॉक्टरांनी हात टेकले. आपल्याकडे ही सेवा कॅन्सरच्या वाटेने आली. मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं ते कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी. या विषयातलं शिक्षणही टाटा हॉस्पिटलच्या आधाराने वाढलं. लोकांच्या मनात या नावाचा अर्थ ‘शेवट’ असा पक्का बसला आहे. पार्किन्सन्सच्या माणसापुढे अजून दहा-बारा बरी वर्षं असू शकतात. त्याच्या मनात आत्ताच शेवट घालून मी काय साधू? आशा हेही औषध आहे, ताई. ते मी काढून घेणार नाही.

लेखिका : आशा काढून घ्या असं मीही म्हणणार नाही. पण ही सेवा म्हणजे शेवट, हे समीकरण कुठून आलं ते पाहू या. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं, तेव्हा कॅन्सरच्या रुग्णांबरोबर मोटर न्यूरॉन डिसीजचे रुग्णही तिथे सुरुवातीपासून होते. पुढे अमेरिकेत १९८२ मध्ये हॉस्पिसचा खर्च सरकारी विम्यातून मिळू लागला, आणि त्याला अट आली की रुग्णाचं आयुष्य सहा महिन्यांपेक्षा कमी उरल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित करावं. ही मोजपट्टी कॅन्सरला साधारण जुळते, कारण तिथे माणूस बराच काळ ठीक असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने खालावतो. मेंदूच्या आजारात ती चालत नाही. बोस्टन परिसरातल्या २२ नर्सिंग होम्समधल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळची माणसंही ओळखू न येणारी, बोलणं जवळपास संपलेली ही माणसं होती. दीड वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्के गेली, बाकीची हयात होती. इतक्या पुढच्या अवस्थेतही ‘सहा महिने’ नेमके कुणाचे हे सांगता येत नसेल, तर मृत्यूच्या अंदाजावर बेतलेली सेवा या रुग्णांपर्यंत वेळेत पोचणार कशी?

आता आशेबद्दल. न सांगितल्याने भीती कमी होते असं आपण धरून चालतो. मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान झालेला माणूस त्याच रात्री मोबाइलवर आजाराविषयी वाचतो, आणि आपण गुदमरून मरणार ही कल्पना त्याच्या मनात घर करते. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या मोटर न्यूरॉन डिसीजच्या १७१ रुग्णांचे शेवटचे दिवस कसे गेले, याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांचा मृत्यू शांतपणे झाला, जर्मनीत ८८ टक्के आणि ब्रिटनमध्ये ९८ टक्के. गुदमरून कुणीही गेलं नाही. हे रुग्णाला सांगणारं कुणीतरी हवं. धाप लागली तर थोड्या मात्रेतलं मॉर्फिन देता येतं, अस्वस्थतेसाठी औषधं आहेत, रात्रीच्या श्वासासाठी बायपॅप आहे, हे त्याला आधी कळलं तर पुढची दोन वर्षं तो त्या भीतीखाली काढणार नाही. मी ज्या बोलण्याचा आग्रह धरते आहे त्यात मृत्यूचा विषय थोडा असतो. लाळ, ठसका, झोप, बद्धकोष्ठता, वेदना, पैसा, मुलांची शिक्षणं, जोडीदाराची दमछाक हेच विषय जास्त असतात.

डॉक्टर : बरं, मग पुराव्यावर या. लवकर सुरू केलेल्या पॅलिएटिव्ह केअरमुळे आयुष्य वाढतं, असं सांगताना लोक २०१० च्या अमेरिकन अभ्यासाचा दाखला देतात. तो फुप्फुसाच्या कॅन्सरचा होता. १५१ रुग्ण होते, आणि लवकर सेवा मिळालेल्यांचं आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने निघालं. छान. पण माझे पेशंट कॅन्सरचे नाहीत. ब्रिटनमध्ये माझ्याच प्रकारच्या ३५० रुग्णांवर चाचणी झाली, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, मोटर न्यूरॉन डिसीज असे सगळे त्यात होते. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. बारा आठवड्यांनंतर मुख्य लक्षणांत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे तुम्ही तुमच्या लेखात लिहाल का?

लेखिका : लिहीन, आणि ठळकपणे लिहीन. त्या चाचणीचा मुख्य निकाल नकारात्मक होता. खर्च वाढला नाही आणि कुणाला अपाय झाला नाही, ही त्यातली जमेची बाजू. पण त्याच वर्षी दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली, अमेरिका आणि कॅनडातल्या तीन विद्यापीठांत, पार्किन्सन्स आणि त्याच्या जातीच्या आजारांच्या २१० रुग्णांवर. तिथे न्यूरॉलॉजिस्ट, नर्स, समाजसेवक आणि आध्यात्मिक समुपदेशक अशी चमू दर तीन महिन्यांनी, वर्षभर भेटत होती. सहा महिन्यांनी या रुग्णांचं जीवनमान नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांपेक्षा चांगलं होतं, आणि वर्षअखेरीस घरच्यांवरचा ताणही कमी होता. दोन चाचण्यांतला फरक मला बोलका वाटतो. ब्रिटनमधली सेवा काही आठवड्यांपुरती, मोजक्या भेटींची होती. पंधरा वर्षं चालणाऱ्या आजाराला तीन-चार भेटींनी फारसा फरक पडला नाही, यात आश्चर्य काय? पुरावा अजून तोकडा आहे आणि परिणाम मध्यम आकाराचा आहे, हे मी मान्य करते. मात्र पुरावा ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा ‘लवकर आणि सतत’ अशी आहे, ‘शेवटी आणि थोडं’ अशी नाही.

आणि तुमच्याच शाखेतलं एक उदाहरण घ्या. रिलुझोल हे मोटर न्यूरॉन डिसीजवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध १९९५ मध्ये आलं. मूळ चाचण्यांत त्याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढलं. त्याला आपण उपचार म्हणतो. रात्री मास्क लावून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची चाचणी न्यूकॅसलला झाली, ४१ रुग्णांवर, आणि २००६ मध्ये छापून आली. ज्यांचे बोलण्या-गिळण्याचे स्नायू बरे होते, त्यांना या यंत्रामुळे मध्यकाच्या हिशेबाने २०५ दिवस जास्त मिळाले आणि ते बऱ्या अवस्थेत गेले. ज्यांचे हे स्नायू आधीच निकामी झाले होते, त्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण झोपेचे काही त्रास कमी झाले. हा मास्क आराम देण्यासाठी होता की आजारावरचा उपचार होता? रुग्णाच्या दृष्टीने हा प्रश्नच उरत नाही. आधी सगळे उपचार संपवू आणि मग काळजीकडे वळू, अशी रांग लावली की मास्कसारख्या गोष्टी उशिरा येतात, आणि उशिरा आल्या की त्यांचा उपयोग घटतो.

डॉक्टर : पण हे सगळं मीच करतो ना! बायपॅप मी लिहून देतो, पोटातून नळी कधी घालायची ते मी सांगतो, लाळेसाठी औषध मी देतो. त्यासाठी वेगळ्या शाखेचा माणूस कशाला? उलट धोका आहे. मळमळीला मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमाला हॅलोपेरिडॉल ही पॅलिएटिव्ह केअरमधली रोजची औषधं. पार्किन्सन्सच्या माणसाला ती दिली तर दोन दिवसांत तो लाकडासारखा ताठतो, गिळणं बंद पडतं. कॅन्सरमध्ये मुरलेल्या डॉक्टरच्या हातात मी माझा पेशंट देऊ?

लेखिका : तुमचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या बाजूचा आहे. रुग्ण सोपवा असं मी म्हणतच नाही. दोघांनी मिळून पाहा असं म्हणते. पोटातल्या नळीचंच घ्या. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये ती योग्य वेळी घातली तर खरा आधार देते, आणि श्वासाची क्षमता निम्म्यावर येण्याआधी घालावी असा सल्ला असतो, नाहीतर ती प्रक्रियाच धोक्याची होते. प्रगत डिमेन्शियात मात्र नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न श्वासनलिकेत जाणं थांबतं असा पुरावा नाही. तिथे वृद्धचिकित्सकांच्या संघटना हाताने सावकाश भरवण्याचा सल्ला देतात. नळी तीच, पण आजाराप्रमाणे उत्तर उलटं. हे न्यूरॉलॉजी जाणणाऱ्यालाच ठरवता येतं. पण ‘आईला उपाशी ठेवायचं का’ असं विचारणाऱ्या मुलासमोर अर्धा तास बसून, भरवणं आणि नळी यांतला फरक समजावणं, त्याच्या अपराधी भावनेला वाट देणं, हे दर दहा मिनिटांनी नवा पेशंट येणाऱ्या ओपीडीत कोण करणार? तुम्ही औषध लिहून देता, त्यानंतरचे तेवीस तास पन्नास मिनिटं घरातली माणसं एकटी असतात. कूस कशी बदलायची, बेडसोअरची पहिली लाली कशी ओळखायची, सक्शन मशीन कसं वापरायचं, ब्यूरोतून आलेल्या मावशींना काय शिकवायचं, बोलणं गेल्यावर बाराखडीच्या तक्त्यावर नजरेने अक्षरं कशी निवडायची, ही कामं एका माणसाची नाहीत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांनी रुग्ण आणि त्याला सांभाळणारा शुभंकर या दोघांना एकत्र आणून ही पोकळी काही प्रमाणात भरली आहे. पण ते स्वेच्छेने उभं राहिलेलं काम आहे. आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी त्याने संपत नाही.

डॉक्टर : आता मी तुम्हाला सर्वांत अवघड प्रश्न विचारतो. तुमचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. वाचा शाबूत असताना माणूस जे सांगेल, तेच त्याला वाचा गेल्यावरही हवं असेल, हे ते गृहीत. पण ते खरं नाही. धडधाकट माणूस म्हणतो, ‘व्हीलचेअर आली की मला जगायचं नाही.’ व्हीलचेअर येते, आणि तो नातवंडांसाठी जगतो. मग म्हणतो, ‘नळी नको.’ नळी लागते, आणि तरी तो मॅच बघतो, भांडतो, हसतो. माणूस जुळवून घेतो. निदानाच्या धक्क्यात असताना त्याने दिलेलं उत्तर तुम्ही पुढच्या त्याच माणसावर लादणार. आजचा घाबरलेला माणूस उद्याच्या स्थिरावलेल्या माणसाच्या वतीने मरण मागणार. हा अन्याय नाही का?

लेखिका : हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो, म्हणून याला उत्तर देताना घाई करणार नाही. तुम्ही म्हणता ते पुराव्याने सिद्ध झालं आहे. लॉक्ड-इन अवस्था म्हणजे शुद्ध पूर्ण जागी, पण डोळ्यांच्या हालचालीपलीकडे शरीरात काही हलत नाही अशी स्थिती. फ्रान्समध्ये अशा माणसांना त्यांच्या जगण्याविषयी प्रश्न विचारले गेले, आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण सुखी आहोत की नाही हे ज्या ६५ जणांनी सांगितलं, त्यांतल्या ४७ जणांनी ‘सुखी’ असं उत्तर दिलं. उत्तर न दिलेल्यांत दुःखी माणसं जास्त असू शकतील, हे धरूनही हा आकडा बाहेरून पाहणाऱ्याला हलवून सोडतो. आपण ज्याला जगणं मानणार नाही, त्याला ती माणसं जगणं म्हणत होती. म्हणून ‘अशा अवस्थेत कशाला ठेवायचं’ असं रुग्णाच्या वतीने ठरवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, नातेवाईक असो की लेखक, आधी थांबायला हवं. पॅलिएटिव्ह केअरच्या नावाखाली अपंग माणसाचं आयुष्य कमी मोलाचं ठरवलं जाईल ही भीती रास्त आहे, आणि मी ती गांभीर्याने घेते.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? बोलूच नये, असा निघत नाही. एकदाच बोलून थांबू नये, असा निघतो. मत बदलतं हे खरं असेल, तर ते बदलताना ऐकणारं कुणीतरी सोबत हवं. निदानाच्या दिवशी भरून घेतलेला कागद धोक्याचाच. त्याच्या जागी मला हवं आहे ते वर्षानुवर्षं चाललेलं संभाषण. बोलणं अडखळू लागलं की पुन्हा विचारायचं, पहिली नळी आली की पुन्हा, न्यूमोनियाने पहिल्यांदा आयसीयू दाखवलं की पुन्हा. असं संभाषण निदानाजवळ सुरू झालं असेल, तरच माणूस जुळवून घेतो आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येईल. ‘नळी नको’ म्हणणारा माणूस नळीसह मॅच पाहतो आहे, याची नोंद आधीचं वाक्य ज्याने ऐकलं होतं तोच करू शकतो. शेवटच्या रात्री, व्हेंटिलेटर लावायचा की नाही एवढंच विचारायला आलेल्या अनोळखी रेसिडेंट डॉक्टरला हा प्रवास कसा कळणार?

दुसरी बाजूही आहे. न बोलल्याने निर्णय टळत नाहीत, फक्त ते घेणारा बदलतो. मध्यरात्री श्वास अडकला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, कॅज्युअल्टीत श्वासनलिकेत नळी घातली गेली, की निर्णय झाला. मग गळ्याला छेद देऊन कायमचा व्हेंटिलेटर लागतो. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हा व्हेंटिलेटर माणसाला अनेक वर्षं जिवंत ठेवू शकतो. काही जण तो विचारपूर्वक निवडतात, आणि त्यांच्या निवडीचा मान राखलाच पाहिजे. पण कुणी न निवडताच तो लागला आणि मागाहून काढण्याचा विचार आला, तर ते घरच्यांच्या दृष्टीने कितीतरी पटींनी जड जातं. शिवाय मोटर न्यूरॉन डिसीजच्या निम्म्यापर्यंत रुग्णांत विचार करण्याच्या किंवा वागण्याच्या क्षमतेत काही ना काही बदल होतो. म्हणजे इथे नुसता आवाज जात नाही, कधी कधी तोलून पाहण्याची शक्तीही कमी होते. स्थिरावल्यावर बोलू, असं म्हणत थांबण्यात हा धोका आहे.

डॉक्टर : तुम्ही ‘त्याचा निर्णय’ म्हणता. आपल्याकडे निर्णय घराचा असतो. मुलगा केबिनबाहेर गाठून सांगतो, ‘बाबांना सांगू नका.’ आणि कायद्याचं काय? उपचार थांबवले म्हणून उद्या माझ्यावर केस झाली तर?

लेखिका : कायद्याचं आधी सांगते. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर तिथेच पडून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत उपचार थांबवण्याची मागणी फेटाळली, पण काटेकोर अटींवर असं थांबवणं कायद्यात बसू शकतं हे मान्य केलं. मार्च २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असं सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. त्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती वापरणं जवळपास अशक्य होतं, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली गेली. आता हा कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. तेव्हा केसची भीती समजण्यासारखी असली, तरी तुमच्या पायाखाली आज जमीन आहे. अरुणाबाईंच्या प्रकरणात देशभर चर्चा झाली ती मरणाची. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षं, त्यांना भरवलं, स्वच्छ ठेवलं, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं. त्यांना स्वतःला काय हवं होतं हे विचारण्याची संधी पहिल्याच दिवशी संपली होती, म्हणून न्यायालयाला ते इतरांना विचारावं लागलं. पार्किन्सन्सच्या माणसाबाबत ही संधी आपल्याला वर्षानुवर्षं मिळते.

आणि घर. घराला बाजूला सारा असं मी म्हणत नाही. निर्णय घराचा असेल तर घराला माहिती हवी. बोस्टनच्या त्याच अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या नातेवाइकांना आजार कुठे चालला आहे आणि पुढे काय गुंतागुंत होणार आहे याची समज होती, त्या रुग्णांवर शेवटच्या तीन महिन्यांत इस्पितळात हलवणं, नळ्या घालणं असे त्रासदायक प्रकार खूपच कमी झाले. ‘बाबांना सांगू नका’ म्हणणारा मुलगा निर्दय नसतो, घाबरलेला असतो. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं, आणि मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प असतात. दोघांना एका खोलीत बसवून ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?’ एवढं बाबांना विचारता येतं. त्यांनी ‘माझ्या मुलालाच सांगा’ म्हटलं, तर तोही त्यांचा निर्णय आणि तो पाळायचा. मात्र तो त्यांच्या तोंडून आलेला हवा.

डॉक्टर : हे मुंबई-पुण्यात ठीक. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये न्यूरॉलॉजिस्ट मिळणंच कठीण, तिथे तुमची चमू कुठून येणार? ६० वर्षांवरच्या भारतीयांत सुमारे साडेसात टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, ८८ लाख माणसं. एवढ्यांना कोण पुरणार?

लेखिका : एवढ्यांना तज्ज्ञ कधीच पुरणार नाहीत, हे धरूनच चालायला हवं. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला एका छोट्या संस्थेपासून सुरुवात झाली. पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण करून ही सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडली. तिथली नर्स घरी जाते, आणि कॅन्सरइतकीच पक्षाघाताने खिळलेल्या माणसाकडेही जाते. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये धोरण आणलं. अंमलबजावणीत आपण केरळच्या फार मागे आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॉर्फिनची वाट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने अडवली होती, ती २०१४ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. तरी अनेक जिल्ह्यांत ते मिळत नाही, कारण ते लिहून द्यायला शिकलेला डॉक्टर नाही. आपल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी बेतलेल्या आहेत. आयसीयूचं बिल भागतं, घरी आलेल्या नर्सचं भागत नाही. त्यामुळे ज्या कुटुंबाला माणूस घरी सांभाळायचा आहे, तेच कर्जात जातं. यात बदल करायला नवं संशोधन लागत नाही, सरकारी निर्णय लागतो.

डॉक्टर : समजा मला पटलं. तरी सगळ्यांशी एकदम बोलणं मला शक्य नाही. कुणापासून सुरुवात करू?

लेखिका : मोटर न्यूरॉन डिसीजपासून करा, कारण वेळ तिथे सर्वांत कमी आहे. निदानानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नळी आणि श्वासाविषयी बोलणं सुरू करा, आणि आवाज चांगला असतानाच तो रेकॉर्ड करून ठेवायला सांगा. पार्किन्सन्समध्ये तुम्हाला थोडी उसंत आहे. वारंवार पडणं, भास होणं, ठसका लागणं यातलं काही दिसू लागलं की थांबू नका.

डॉक्टर : आणि डिमेन्शिया? तिथे तर घाई नाही, आठ-दहा वर्षं असतात.

लेखिका : तिथेच सर्वांत जास्त घाई आहे, डॉक्टर. आठ-दहा वर्षं आयुष्याची आहेत, उत्तर देता येण्याची नाहीत. विसरायला होतं म्हणून जे आजोबा स्वतः रिक्षाने तुमच्याकडे आले आहेत, त्यांच्याशी त्याच महिन्यात बोला. उद्या त्यांच्या वतीने कुणी बोलावं, घरी राहायचं आहे की नाही, खाणं गिळता येईनासं झालं तर काय करावं, हे त्यांना विचारा, आणि ते सांगताना त्यांच्या लेकीला शेजारी बसवा. पुढच्या वर्षी हेच प्रश्न तुम्ही लेकीला विचाराल, आणि तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल.